थंड शाई

नेमगोंडा मास्तरांनी यंत्रातून पहिली पट्टी ओढली, हातमोजा काढून टेबलावर भिरकावला आणि ताज्या छपाईवर अंगठा घासला. मग अंगठा दिव्याखाली धरून पाहिला. डाग नव्हता.

"वाळली," ते म्हणाले.

"मास्तर, हातमोजा!" हेमांगी दळवी करवादली. मिरजेजवळच्या या मुद्रण-प्रयोगशाळेची ती प्रमुख रसायनतज्ज्ञ. हे वाक्य ती दीड वर्ष रोज म्हणत होती.

"हातमोज्याला काय कळतंय, म्याडम? शाई वाळली का न्हाई ते अंगठ्यालाच इचारायचं. चाळीस वर्सं इचारतोय." एवढं बोलून मास्तरांनी अंगठा जिभेला लावला आणि पट्ट्यांची चळत उलटायला घेतली.

हेमांगीने तोंड फिरवलं. ती थुंकी तिला बघवत नसे. पण ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतोच. हल्ली तीसुद्धा हातमोजा काढून अंगठा घासून बघायची. थुंकी तेवढी लावायची नाही, इतकंच.

छापायची असे ती जन्मपट्टी. नवजात बाळाच्या मनगटावर बांधायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी मऊ आणि पातळ. तिच्यावर आईचं नाव, रक्तगट, लशींच्या तारखा. पहिली लस होईपर्यंत दीड महिना ती काढायची नाही. अडचण एकच होती. शाई वाळवायला जरा ऊब दिली, की पट्टी विस्तवावरच्या पापडासारखी आकसून जाई. त्यावर हेमांगीने थंड शाई शोधून काढली होती.

मास्तर नोकरीवर आले त्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, "भट्टी न्हाई, गरम हवा न्हाई. मग वाळंल कशी?"

"पाण्याची शाई वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी उडून जातं, मास्तर. त्याला उष्णता हवी. आपली शाई जवसाच्या तेलाची. तेल उडत नाही, आळतं. जवसाचं तेल बशीत उघडं राहिलं की वर चिवट साय धरते, पाहिलीय ना? तेलाचे कण एकमेकांचे हात धरतात. त्यांना एरवी दिवसच्या दिवस लागतात. मी केलेली संधिका, म्हणजे कण सांधणारं रसायन, ते हात पापणी लवायच्या आत जुळवून देते."

"आन् मग तिचं काय हुतं?"

"काहीच नाही. सोयरीक जुळवणारी बाई स्वतः थोडीच बोहल्यावर चढते? ती आहे तशी उरते. आणखी तेल मिळालं तर तेही जुळवेल. पण ते मिळणार कुठून? ती वाळलेल्या शाईत अडकून पडते. पाणी, साबण, घाम, कशानेही बाहेर येत नाही. सगळं तपासलंय. फक्त ओल लागली की ती काम थांबवते. मरत नाही, थांबते. म्हणून ही खोली कोरडी ठेवायची."

मास्तरांनी पट्टी उचलून दिव्याखाली धरली होती. "म्हंजे उपाशी बसून ऱ्हाती म्हणा की," ते म्हणाले होते. हेमांगी त्यावर खळखळून हसली होती.

जन्मपट्टी आता बारा इस्पितळांत पोहोचली होती. हेमांगीच्या धाकट्या बहिणीचं, अबोलीचं बाळ जयसिंगपूरला आईच्या घरी वीस दिवसांचं झालं होतं. त्याच्या मनगटावर मावशीचीच पट्टी होती. मागच्या आठवड्यात अबोली फोनवर कौतुकाने म्हणाली होती, "ताई, केवढा रडका आहे गं! शेकायला घेतलं की अख्खी गल्ली गोळा करतो."

त्या मंगळवारी सकाळी चहा आला. हेमांगीने स्टीलचा पेला उचलला आणि बोलता बोलता तोंडाला लावला. ओठ भाजले तशी ती दचकली.

"सावकाश! मी रुमालात धरलाय बघा," मास्तर म्हणाले. "हाताला चटका न्हाई बसला?"

नव्हता बसला. तिने पेला ठेवून हात पाहिला. अंगठा चकाकत होता. रेषा होत्या, पण काचेखाली ठेवल्यासारख्या. तिने टाचणी घेऊन टोचली. काही कळलं नाही. तळव्यावर टोचली, तिथेही कळलं नाही. शनिवारी अंगठा जरा खरखरीत लागला म्हणून तिने रविवारी त्यावर बदामाचं तेल चोळलं होतं.

तेल!

"मास्तर, तुमचा अंगठा बघू."

मास्तरांचा अंगठा होता तसाच होता. काळपट, भेगाळलेला, जिवंत. टाचणी लागताच ते "आय आय गं" करून ओरडले. दिवसातून शंभरदा तो थुंकीने ओला होत होता. जिची तिला शिसारी यायची, त्या थुंकीने मास्तरांना राखलं होतं.

तिने एक पट्टी काचेवर ठेवून तिच्यावर बदाम तेलाचा थेंब सोडला आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांत छपाईभोवती चकचकीत कडं उमटलं आणि हळूहळू पसरत पट्टीबाहेर काचेवर आलं. तेलाने शाईतली संधिका सोडवून बाहेर आणली होती. आता तिला उपाशी राहायचं कारण नव्हतं. माणसाची कातडी तर रोज नवं तेल सोडते, आणि ते आतल्या आत आळलं की कातडी बधिर होते.

"पाणी तपासलं, साबण तपासला, घाम तपासला," ती पुटपुटली. "तेल तपासलं नाही. इस्पितळात बाळांना तेल लावूच देत नाहीत, मग सुचणार कुठून?"

"घरी गेल्यावर कोन सोडतंय?" मास्तर म्हणाले. "आमच्या नातीला रोज आदी तेल, मग आंगूळ, मग शेक, मग धुरी. पार वाळवून काडत्यात लेकराला."

आधी तेल, मग कोरडं करायचं. संधिकेला हवं होतं तेवढंच, आणि त्याच क्रमाने. हेमांगी स्वतः अशाच तेलपाण्यावर वाढलेली, आणि तिलाच हे आठवलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती.

तिने अबोलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"मास्तर, बाराही इस्पितळांना कळवा. पट्टी कापायची, मनगट ओल्या फडक्यात ठेवायचं, तेलाचा थेंबही लावायचा नाही." हाताला ओला पंचा गुंडाळून तिने गाडी काढली. जयसिंगपूरपर्यंत ती मनात एकच म्हणत होती, निदान बोटं तरी वाचू देत त्याची.

आईच्या घरी आतल्या खोलीत शेगडी धगधगत होती. मालिश करणाऱ्या सुगंधाबाई पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर बाळ पालथं होतं. हेमांगीने चपलाही काढल्या नाहीत. बाळ उचललं, कात्रीने पट्टी कापली आणि मनगट दाबून पाहिलं. कातडी पांढरी झाली, पुन्हा गुलाबी झाली. बाळाने हात झटकन ओढून घेतला आणि मूठ तोंडात कोंबली.

"ताई, अगं काय करतेस?" अबोली घाबरून उठली. "ती मूठ सदानकदा तोंडात असते. मनगटापर्यंत लाळेने चिंब. पट्टी वाळायलाच तयार नव्हती."

लाळ! हेमांगी बाळाला छातीशी धरून हमसून रडली. वाचलं होतं. मास्तरांसारखंच वाचलं होतं.

"द्या हिकडं, निवल त्ये," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही तळवे शेगडीच्या लोखंडी कडेवर टेकवले आणि तसेच ठेवून हेमांगीकडे पाहून हसल्या.

हेमांगीचं रडू थांबलं. "बाई... हात भाजत नाहीत तुमचे?"

"न्हाई बा. आठ-धा दिस झालं, कसला चटकाच लागंना. तेलानं हात कसं आरशागत झाल्यात बघा." त्यांनी तळवे पुढे केले. ते शेगडीच्या उजेडात चकाकत होते.

"रोज किती घरी जाता?"

"नऊ घरं हायती. समदी वल्या बाळंतिणीची."

त्यातल्या किती बाळांना पट्टी होती, याला आता अर्थ नव्हता. संधिका संपत नाही. ती तेलातून हातावर आली होती, आणि हातावरून तेलाबरोबर पुढे जात होती. मनगट लाळेने ओलं होतं. बाकीचं अंग कोण ओलं ठेवणार?

"तू उगाच घाबरलीस बघ," अबोली डोळे पुसत म्हणाली. "आणि तुला सांगायचंच राहिलं. चार दिवस झाले, हा शेकताना अजिबात रडत नाही. किती शहाणा झालाय!"

हेमांगीने बाळाला हळूच पालथं केलं. पाठ गुळगुळीत होती, छान चकाकत होती. तिने दुसऱ्या, धड हाताच्या दोन बोटांनी तिथे चिमटा काढला. मग आणखी जोरात काढला.

बाळ मूठ चोखत राहिलं.