विहिरीचे साठ फूट

"कोश कुलपात घालणार ना? घाला. तोवर आम्ही विहीर मोजून येतो," भार्गवी अध्यक्षांना म्हणाली आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून वाचनालयाच्या पायऱ्या उतरली.

मे महिन्यात कुंडलजवळच्या वाडीला, मामाकडे आली की ती दिवसभर या वाचनालयातच पडीक असे. तिथल्या टेबलावर 'गावकोश' नावाची जाडजूड वही होती. गावाबद्दल ज्याला जे ठाऊक, त्यानं ते तीत लिहावं. नियम दोनच. माहिती कुणाकडून मिळाली ते लिहून खाली नाव-तारीख टाकायची, आणि चुकलेली ओळ गिरगटायची नाही. एकच रेघ मारून खाली दुरुस्ती लिहायची.

त्या शनिवारी सांगलीच्या पेपरात मथळा झळकला होता: 'गावकोश की थापांचं पोतं?' माळावरची विहीर साठ फूट खोल असताना कोशात चाळीस लिहिलंय, आणि तेही एका मेंढपाळाच्या गप्पांवरून, असं बातमीदार सयाजीरावांनी ठोकून दिलं होतं. मेंढपाळ म्हणजे जोतीराम आजोबा. त्यांना लिहिता येत नसे. गेल्या सुट्टीत त्यांनी सांगितलं आणि भार्गवीनं लिहून घेतलं होतं. बातमी ऐकताच म्हातारा काठी टेकत उठला. "मी न्हाई यायचो आता हिथं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. भार्गवीला फार वाईट वाटलं. त्यांचं नाव वहीत तिनंच तर घातलं होतं.

वाचनालयाचे अध्यक्ष हंबीरराव भलतेच चिडले होते. गावाची शोभा झाली, उद्याच्या बैठकीत कोश बंद, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. बैठकीला सयाजीरावांनाही बोलावणं गेलं.

भार्गवीबरोबर तिचा मामेभाऊ राजस होता आणि आजोबांची नात माया. शिंप्याच्या टेपनं मोजून तिघांनी दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि भर उन्हात तो विहिरीत सोडला. दोर सैल पडला तेव्हा मायानं गाठी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"एकेचाळीस," ती म्हणाली.

"चाळीसच सांगू या. एका फुटानं काय बिघडतंय?" राजस म्हणाला.

"आपणच एक फूट गिळायचा, मग त्यांना कुठल्या तोंडानं विचारायचं की साठ कुठून आणले?" भार्गवीनं त्याला झापलं.

खरंच, साठ आले तरी कुठून? तिघं परत वाचनालयात गेली. ग्रंथपाल गोदावरीबाईंनी त्याच पेपरचे जुने दिवाळी अंक काढून दिले. धूळ झटकत, शिंकत तिघांनी पानं चाळली. चौऱ्याण्णवच्या अंकात विहिरींवर लेख होता, त्यात माळावरची विहीर साठ फूट, आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती: वाडीचा गावकोश'. भार्गवीनं घाईघाईनं कोश उघडला. आपल्या चाळीस फुटांच्या वरची जुनी ओळ गेल्या वर्षी रेघ मारताना तिनं नीट पाहिलीही नव्हती; आता वाचली आणि तिला हसूच फुटलं.

रविवारी बैठकीत तिनं सयाजीरावांना आधी दोर दाखवला, मग अंक. साठचा आकडा तुम्ही कशावरून ताडून पाहिला, असं तिनं विचारलं. आमच्याच दिवाळी अंकावरून, असं ते ऐटीत म्हणाले.

"आणि अंकात तो या कोशातूनच आला होता. आम्ही ती चूक गेल्या वर्षी दुरुस्त केली. तुमच्याकडे ती तशीच राहिली, आणि तिच्याच जोरावर तुम्ही जोतीराम आजोबांना खोटं ठरवलंत. चाळीसही चूकच आहे, विहीर एकेचाळीस फूट आहे. तेही मी आत्ता लिहिलंय."

"मग साठ लिवलं कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

भार्गवीनं खोडलेली ओळ वाचली: "'खोली साठ फूट. कुणाकडून: अंदाजे. हंबीरराव, १९९४.'"

सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. हंबीरराव उठून वहीतली आपली ओळ वाचायला वाकले. मग म्हणाले, "कोश उघडाच ऱ्हाईल. पोरांनी आमचे डोळे उघडले. सयाजीराव, आमची चूक सहीसकट हाय. तुमची पेपरात कवा छापताय?"

उद्याच, असं सयाजीराव पुटपुटले, आणि खरोखरच छापली. बातमीइतक्याच मोठ्या मथळ्यात.

पेपर घेऊन हंबीरराव स्वतः माळावर गेले, माफी मागून जोतीराम आजोबांना सोबत घेऊन आले. आजोबा टेबलाशी टेकले. भार्गवीनं त्यांना सगळी बातमी वाचून दाखवली.

"वाचलंस न्हवं? लय झाक," आजोबा म्हणाले. "आता पेन काढ, पोरी. वड्याकाठच्या विहिरीचं सांगतो."