नंदीच्या कानात

नारायणरावांना देवळं आवडायची ती बांधकाम म्हणून. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली. गाभाऱ्यात शिरले की आधी दगडाचे सांधे बघायचे, मग देव. पण गेलं वर्षभर भोरहून दर रविवारी गाडी निघत होती ती बायकोसाठी, शुभाताईंसाठी. त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकुलता एक मुलगा श्रेयस मागच्या दिवाळीत बापाशी कडाक्याचं भांडून हैदराबादला निघून गेला, तेव्हापासून त्याचा एक फोन नाही. यांनी केला तर उचलत नव्हता. बाई मोबाईल घेऊन न्हाणीघरात जायच्या, उशाशी ठेवून झोपायच्या. झोपायच्या कसल्या, कूस बदलत पडायच्या! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बहिणीने देवळं सांगितली. मन शांत होईल म्हणे.

कुठलं काय! बनेश्वरला भर अभिषेकात त्यांनी पदराआडून फोन बघितला. मेंगाईदेवीपुढे डोळे मिटून हात जोडले आणि लगेच विचारलं, "वाजला का हो?" नारायणराव वैतागून गेले होते. अपराध्यासारखंही वाटायचं, पण ते बोलून दाखवायची त्यांची पद्धत नव्हती.

वेल्ह्याच्या पुढे एका वाडीत महादेवाचं जुनं देऊळ आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून कार्तिकातल्या एका सकाळी तिकडे गेले. भातं कापून झाली होती, खाचरात नुसती धसकटं. देवळात गुरवाची म्हातारी चंद्राबाई तेवढी होती, झाडलोट करत. बाहेर उघड्यावर काळा नंदी बसलेला. हात फिरून फिरून त्याचे कान गुळगुळीत झाले होते.

"लई तरास हाय का बाईस्नी?" चंद्राबाईने नारायणरावांनाच विचारलं. "नंदीला सांगा म्हणावं. ह्या कानात बोलायचं अन् त्या कानावर हात ठिवायचा. न्हाईतर ह्या कानातनं त्या कानातनं जातंय भायेर."

शुभाताई वाकल्या. एक तळवा पलीकडच्या कानावर दाबून धरला आणि पुटपुटायला लागल्या. हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही, त्यामुळे नारायणरावांना सगळं ऐकू आलं. "गोत्र काश्यप, नाव श्रेयस. माझा जीव ह्याच्यात अडकलाय रे बाबा, सोडव."

नारायणरावांना हसू आलं. अभिषेकाला भटजी विचारतात, तशी सवयीने नाव-गोत्र सांगून मोकळी झाली बाई! चंद्राबाईचा खराटा मात्र मधेच थांबला.

परतताना मार्गासनीच्या अलीकडेच शुभाताईंचा डोळा लागला. वर्षभरात पहिल्यांदा. नारायणरावांनी रेडिओ बंद केला, खड्डे चुकवत गाडी हाकली. घरी आल्यावर बाईंनी मोबाईल फ्रिजवर ठेवला तो तिथेच राहिला. रात्री मस्त घोरल्या. दगडाला एवढं जमतं तर आपण उगाच डॉक्टरांकडे खेटे घातले, असं नारायणराव सकाळी चहा पिताना म्हणालेसुद्धा.

दोन-तीन दिवसांनी ते बाजारातून आले तर दारात भांडीवाली बसलेली. शुभाताई हातात स्टीलचा नवा डबा उलटसुलट करून बघत होत्या, आणि भांडीवालीच्या गाठोड्यात श्रेयसचे शर्ट. निळा चौकड्यांचा वरच होता.

"अगं, हे काय! श्रेयसचे शर्ट आहेत ते!"

"कुणाचे?" शुभाताईंनी विचारलं. आवाज अगदी गोड, स्वच्छ. "कपाटात नुसते पडून होते हो. तुम्हाला होतात का?"

थट्टा करत असेल, रागावली असेल, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. तरी राहवेना. शेजारच्या अश्विनीला त्यांनी कुंपणापाशी गाठलं. "श्रेयसचा काही निरोप तुझ्याकडे?" ती आणि श्रेयस दहावीपर्यंत एका वर्गात होते. अश्विनी त्यांच्याकडे जरा काळजीने बघत राहिली. "कोण हो काका? काकूंना बोलावू का?"

ते घरात आले आणि बैठकीतल्या फोटोसमोर उभे राहिले. महाबळेश्वरचा फोटो. डावीकडे शुभा, उजवीकडे ते स्वतः, मधे एक माणूस मावेल एवढी जागा. त्या जागेत त्यांचा हात खांद्याच्या उंचीवर अधांतरी टेकलेला होता.

त्यांनी शुभाताईंना हाताला धरून फोटोपुढे आणलं.

"चल माझ्याबरोबर त्या नंदीकडे. तू दिलंस ते तूच परत माग."

"काय मागू? अहो, किती बरं वाटतंय मला! नका ना उकरून काढू काही." त्या हसल्या आणि शेंगा सोलायला बसल्या.

नारायणराव एकटेच निघाले. मनात म्हटलेलं नाव निसटेल अशी धास्ती, म्हणून काचा वर करून मोठ्यांदा म्हणत निघाले. श्रेयस. श्रेयस. कापूरव्होळ गेलं, कामथडी गेली, नसरापूरला ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकले तरी चालूच. घसा सुकला. वेल्ह्याच्या बाजारात एसटी वळत होती, तिला वाट देताना एक मोटारसायकलवाला आडवा आला. "आंधळा आहेस का रे!" नारायणराव ओरडले. मग पुन्हा म्हणायला लागले, पण आता ओठ काय म्हणताहेत तिकडे त्यांचं नीट लक्ष नव्हतं.

चंद्राबाई पायरीवर बसलेली होती. त्यांना बघून उठली नाही.

"त्या दिवशी बाईंनी नाव घितलं, व्हय ना?"

"हो. का? तुम्ही नाव घेत नाही?"

"आमी दुखणं सांगतो. माणसाचं नाव न्हाई घेत हितं." तिने मान फिरवली. "तुमी लांबनं आलाय. पानी देऊ का?"

"मला ते परत पाहिजे."



नारायणराव नंदीपाशी वाकले. पलीकडच्या कानावर हात ठेवला. तोंड कानाशी नेलं.

"गोत्र काश्यप," ते म्हणाले.

आणि थांबले.

ओठ हलत होते. शब्द येत नव्हता. काहीतरी मागायला आलो होतो. फार महत्त्वाचं होतं. त्याच्यासाठी एवढा जीव टांगणीला लावून इथवर आलो.

त्यांनी दगडाला कान लावला.

आत खूप लांबून कुणीतरी हाक मारत होतं. तरुण मुलाचा आवाज. "बाबा! अहो बाबा!" रडवेला झाला होता अगदी.

नारायणरावांनी मान वर करून आवारात बघितलं. कुणाचं पोर चुकलंय की काय? आवारात म्हातारीशिवाय कुणी नव्हतं.

बिचारं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी दुसराही हात उचलला आणि नंदीच्या या कानावर ठेवला.

आवाज थांबला. काय शांत वाटलं म्हणून सांगू!