शेजारची सीट

त्या दुपारी गॅसवर कोरा चहा होता, पण प्यायला नव्हे. बाबांनी त्यात व्हिनेगर ओतलं आणि मॉडेल गाडीची, बोटाच्या पेराएवढी पांढरी सीट दोऱ्याला बांधून आत सोडली. चामड्याचा रंग विकतच्या डबीतला त्यांना चालत नसे.

"ड्रायव्हरची झाली," सीट वर काढत ते म्हणाले. "शेजारची तुझ्या त्या दुकानदाराला करू दे. हात बघायचाय मला त्याचा."

"माझा कसला, बाबा? दुकानदार आहे तो."

"अस्सं! म्हणून एका स्क्रूसाठी तीन-तीन खेपा?"

मी पाठ वळवून घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

महिन्याभराने मी मॉडेलच्या दुकानात गेले. पहिल्या भेटीत मी भलत्याच मापाची चाकं उचलली, तेव्हा "गाडी हत्ती चालवणार का?" असं विचारणारा तो आज मला बघताच हातातलं काम ठेवून उभा राहिला. पांढरी सीट काउंटरवर ठेवून मी बाबांची इच्छा सांगितली. 'तुझ्या त्या' एवढं वगळून.

"एकच उरलीय?"

"एकच. दुसरी मिळणार नाही, तुम्हीच म्हणाला होतात."

संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभा होता. बाह्या दुमडलेल्या, दोरा बोटाला गुंडाळलेला. सीट चहात बुडाली. मी श्वास रोखला.

"उकळी येऊ द्यायची नाही... प्लॅस्टिक वाकेल," तो पुटपुटला. "आणि तुम्ही अशा बघत राहिलात तर माझा हात थरथरेल."

"मग कुठे बघू?"

"चहाकडे."

मी चहाकडे बघितलं. तो माझ्याकडे...

"उकळी—!"

त्याने झटकन दोरा ओढला. रंग सुरेख आला होता, अगदी बाबांच्या सीटसारखा. पण सीट एका अंगाला कलली होती. त्याचा चेहरा पडला.

"घालवली मी. एकुलती एक होती..."

मी ती गार पाण्यात धरली, पुसली आणि गाडीत बसवली. ती ड्रायव्हरच्या सीटकडे झुकली होती, कानात काही सांगायला झुकावं तशी. बघता बघता मला हसू फुटलं, आणि मग रडू. तो जवळ सरकला. मी त्याचा हात धरला, चहाने पिवळा झालेला.

बाबांची खुर्ची तिथेच होती. मी तिच्याकडे बघून मोठ्याने म्हणाले,

"हात यथातथाच आहे, बाबा. पण... माझाच आहे तो."