ओरिजिनल

"काका, यावर तोंडाची झेरॉक्स निघते का?"

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती आणि तोफेनं ती जिंकली. वक्तृत्वाचा कप हातात पडल्यापासून सगळे तिला तोफ म्हणत, आणि तीही मग कुठंही धडधडत सुटे. आईनं कोपरानं ढोसलं. बाबा उगाचच छताकडं बघू लागले.

बंद झालेल्या त्या ऑफिसात एकच कारकून उरला होता. तो हसला नाही.

"निघते," तो म्हणाला. "पण ओरिजिनल ठेवून जावं लागतं."

तिसऱ्या मजल्यावरची खोली पार रिकामी होती. फरशीवर टेबलांच्या पायांचे ठसे तेवढे राहिले होते, आणि मधोमध ते मशीन. दुपारचं ऊन त्याच्यापासून हातभर अलीकडंच थांबलं होतं.

शाळेसमोरच्या त्यांच्या दुकानातल्या मशीननं आठ दिवसांपूर्वी मान टाकली होती. गिऱ्हाईकं समोरच्या दुकानाची पायरी चढू लागली होती. आणखी आठवडाभर असंच चाललं तर शटर ओढायची वेळ आली असती. अडकलेला कागद काढण्यात तोफेचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून हे जुनं मशीन बघायला निघताना बाबा म्हणाले होते, "तू तपास. तू म्हणशील तसं करू."

"नवं घ्यायची ऐपत नाही वाटतं," कारकून म्हणाला.

"आणि तुम्हाला जुनं खपवायची घाई."

"तोफे, जीभ आवर," आई पुटपुटली.

"मला कसली घाई? न्यायचं तर न्या. नाहीतर जिना तिकडं आहे."

तोफेनं दप्तरातून दुकानातली सूचना काढली. तिनंच ठळक अक्षरात लिहिलेली: 'ओरिजिनल घेतल्याशिवाय जाऊ नका.' लोक कॉपी घेऊन चालू लागायचे आणि ओरिजिनल काचेवरच राहायचं, हे रोजचंच होतं. तिनं कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. उजेडाची पट्टी सरकत गेली. कॉपी आली ती काळीभोर, स्वच्छ. बाबांचा चेहरा उजळला.

तिनं झाकण उचललं. काचेवरचा कागद कोरा होता.

"उलटा ठेवला असशील," आई म्हणाली.

तिनं तो उलटला. ती बाजूही कोरी. वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक मात्र जागच्या जागी.

"बाबा, हे बघा."

"कॉपी बघ ना कशी आलीय," बाबा म्हणाले. त्यांनी दुसरीकडं पाहिलंच नाही.

"काय गं, दातखीळ बसली?" कारकून म्हणाला. "मघाशी तर तोंड ठेवायला निघाली होतीस."

तोफेची कानशिलं तापली. तिनं डावा पंजा काचेवर दाबला आणि उजव्या हातानं बटण दाबलं. काच कोमट होती, नुकताच कुणीतरी हात उचलावा तशी.

पट्टी सरकली. कॉपी आली. एकूण एक रेषा, अंगठ्याखालचा स्टेपलरचा जुना व्रणसुद्धा.

तिनं तळहात उलटून पाहिला.

व्रण नव्हता. रेषाही नव्हत्या.

तिनं कारकुनाकडं पाहिलं. त्यानं आईबाबांना दिसणार नाही अशा बेतानं आपली मूठ उघडली. आत तसंच. कोरं.

"सव्वीस वर्षं," तो फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. "याला सोडून घरी जाता आलं नाही."

"काय मग?" बाबांनी विचारलं. "नको असेल तर नको म्हण. दुसरं बघू."

नको हा शब्द तिच्या जिभेवरच होता. दुसऱ्या हातातल्या सूचनेच्या कॉपीवर तिचंच अक्षर होतं. तिनं ते पुन्हा एकदा वाचलं: 'ओरिजिनल घेतल्याशिवाय जाऊ नका.'

"आई, बाबा, हेच घ्यायचं," ती म्हणाली, आणि पाठीमागं मूठ वळली.

मूठ वळली, पण तळहाताला घडी पडली नाही.