थुंकायला वेळ नव्हता

"ताई, मघाशीच मीठ घातलंत तुम्ही... दुसऱ्यांदा घालताय!" भावजयीनं हात धरला मात्र, ताईंनी डाव असा भिरकावला की तो भिंतीवर आपटून थेट भावाच्या ताटाशी येऊन पडला.

"हात सोड! बावीस वर्षं अख्ख्या कारखान्याचं मीठ या जिभेनं ठरवलंय, तू मला शिकवतेस?"

भाऊ मान वर न करता म्हणाला, "चिडू नकोस गं. वय झालं की होतंच विसरायला."

वय! एकोणपन्नासाव्या वर्षी? ताईंच्या अंतःकरणात आग उसळली. आईवडिलांच्या माघारी, ठरलेलं लग्न मोडून, या धाकट्याला रसायनशास्त्र शिकता यावं म्हणून त्या पाकीटबंद सुपाच्या कारखान्यात चाखणारीच्या खुर्चीत बसल्या होत्या! दर घाण्यातला एक चमचा तोंडात घ्यायचा, मीठ, रंग आणि चवीची पांढरी पावडर बरोबर आहे का ते सांगायचं, की पुढचा घाणा. दिवसाला साठ घाणे... आणि आता हात थरथरत होते, रोजचे शब्द ऐन वेळी दगा देत होते, नि त्याच कारखान्यात साहेब होऊन बसलेला भाऊ वयाचं निमित्त पुढं करत होता!

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? पावडरीनंच मेंदू बिघडला असं छातीठोक सांगता येत नाही, आणि नाही बिघडला असंही नाही. पाकिटातलं सूप पिणाऱ्यांना तपासलंय, दिवसभर चाखणाऱ्यांना कुणी तपासलंय? आण तू कारखान्यासाठी लिहिलेला तो पावडरीचा अहवाल. वाच!"

भावानं अडखळत वाचलं, "चाखणारे कर्मचारी नमुना गिळत नाहीत, थुंकून टाकतात. सबब त्यांच्या तपासणीची आवश्यकता नाही."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"नियमपुस्तिकेत तसंच आहे, ताई. चाखायचं, थुंकायचं, चूळ भरायची."

"बेसिन कुठं आहे रे तिथं?"

भाऊ अहवालाची पानं उलटू लागला.

"नाही ना ठाऊक! जिन्याखाली, दोन दारं ओलांडून. तोवर घाणा थांबतो होय? गिळला मी... एकूण एक चमचा गिळला! थुंकायला वेळच नव्हता! इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलास, एकदा तरी विचारायचंस, ताई, तू गिळतेस का?"

"आता हे लिहिलं तर माझी नोकरी..."

"माझ्या खुर्चीत आता दुसरी पोरगी बसलीये. तीही गिळतेय. नोकरीचं कौतुक मला नको सांगूस, ती कुणाच्या जिवावर मिळाली ते मला ठाऊक आहे!"

त्यांनी धाडकन दार लावून घेतलं, आणि तीन दिवस भावाशी चकार शब्द बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी भर दुपारी तो घरी आला. काखेत टेबलावरचं सामान भरलेलं खोकं, हातात एक कागद.

"तीन दिवस चाखायच्या खोलीत बसून होतो, ताई. थुंकायला एकही जण उठला नाही." त्यानं खोकं खाली ठेवलं. "नवा अहवाल थेट सरकारी तपासनिसांकडे दिला. त्यांनी चाखणं थांबवलंय, सगळ्यांना तपासणार आहेत. कारखान्यानं मला काढून टाकलं."

तो वाचू लागला. "माझं आधीचं विधान खोटं आहे. चाखणारे गिळतात. माझी सख्खी बहीण बावीस वर्षं गिळत होती. मी तिला कधीही विचारलं नाही..." पुढं वाचवेना. तो ताईंच्या पायांशी कोसळला. "क्षमा कर गं मला!"

ताईंचे डोळे झरझर वाहू लागले, पण राग तसूभरही ओसरला नव्हता.

"क्षमा? उद्यापरवा मी हे सगळं विसरून जाईन, नि तुला बघून काही झालंच नाही अशी हसेन... ती क्षमा समजू नकोस! रोज सकाळी हा कागद मला वाचून दाखवायचा. माझा राग मला रोज हवाय!"

"रोज वाचेन, ताई."

"आणि वाचून झालं, की मग मी तुला..." शब्द सापडेना. त्यांचे ओठ नुसतेच हलले. मग त्यांनी भावाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."