करवंटी ज्याच्या हातात

नव्या बाईंनी पोरं बिघडवली, हे बनुबाईंचं म्हणणं सगळ्या वाडीला ऐकू गेलं होतं. तसं त्यांचं कुठलंही म्हणणं सगळ्या वाडीला ऐकू जायचंच. पाढे राहिले बाजूला, कविता राहिल्या बाजूला, ही महाडहून एसटीनं येणारी अनुपमा बाई पोरांना गोल बसवते आणि विचारते काय, तर आज तुला कसं वाटतंय. पोराला काय वाटायचंय? भूक लागते नि झोप येते, संपलं.

तरी त्या गप्प राहिल्या असत्या. पण सोमवारी तिसरीतली नात समीक्षा शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि आजीसमोर उभी राहून सरळ म्हणाली, "आजी, तू मोठ्यानं बोलतेस ना, तवा माझ्या पोटात गोळा येतो."

चाळीस वर्षांत त्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. नवरा होता तोवर तो बोलला नाही. नोकरीसाठी परगावी असलेल्या थोरल्याची बायको उज्वला बोलली नाही. आणि धाकटा विनीत तर... त्याच्या वाटचं बोलणंसुद्धा आईच बोलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि त्यांनी विनीतला मोटरसायकल काढायला लावली. त्याची महाडच्या एमआयडीसीत दुपारची शिफ्ट होती, त्यामुळे सबब चालणार नव्हती. वाटेत एक सर येऊन गेली, लगेच ऊन पडलं. भाताच्या लोंब्या नुसत्या चमकत होत्या. बनुबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. काय काय सुनवायचं, ते त्या मनात लावून घेत होत्या.

"ओ बाई..." त्यांनी वर्गाच्या दारातूनच सुरुवात केली.

"आजी, करवंटी तुज्याकडं नाय," पहिलीतलं एक शेंबडं पोर म्हणालं.

अठरा पोरं गोल बसली होती आणि घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी हातोहात फिरत होती. करवंटी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं.

"या काकी, बसा," अनुपमा हसून म्हणाली. "येईलच तुमच्यापर्यंत."

ग्रामसभेत बाप्यांची तोंडं बंद करणारी बाई मुकाट सतरंजीवर बसली. ते बघून दारात विनीत खुदकन हसला. अनुपमानं वर पाहिलं... त्याच्या ओल्या केसांकडे, मग डोळ्यांकडे. आणि नजर तिथंच राहिली. करवंटी तिच्या मांडीवर कधीची येऊन पडली होती. पोरं वाट बघत होती.

बनुबाईंनी जन्मभर म्हशी आणि माणसं पारखली होती. त्यांना कळायचं ते कळलं.

त्यांची पाळी आली, तेव्हा त्या भरपूर बोलल्या. शिस्त, पाढे, आजकालच्या बाया. मध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. अठरा तोंडं त्यांच्याकडे लागली होती. घरी आपण बोलतो तेव्हा सगळी खाली बघतात, हे त्यांना नको त्या वेळी आठवलं. "बाई, तू आगाऊ हायस," एवढं सांगून त्या उठल्या.

त्यानंतर आठवडाभर विनीत रोज शाळेत डबा द्यायला जात राहिला. शाळेत खिचडी मिळते, मग डबा कशाला, हे घरात कोणी विचारलं नाही. बनुबाईंनीही नाही, आणि हे नवलच होतं. येत्या रविवारी तुडीलला त्याच्यासाठी मुलगी बघायला जायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

गुरुवारी त्या गवताचा भारा घेऊन शाळेमागून येत होत्या. सर आली म्हणून वळचणीला उभ्या राहिल्या. पोरं पुढल्या ओट्यावर खिचडी खात होती. खिडकी उघडी होती आणि बनुबाईंचे कान अजून तिखट होते.

"समीक्षाचा डबा."

"शाळेत खिचडी असते."

"हो... काल बोललात तुम्ही."

"परवाही बोलले." झाकण उघडल्याचा आवाज. "विनीत, हा रिकामा आहे."

"घाईत राहिलं... म्हणजे मी..."

"तुम्ही बोलताना अर्धं वाक्य कुठे ठेवून येता हो?"

"घरी. आईकडे. पुढचं तीच बोलते."

अनुपमा हसली. बाहेर बनुबाईंना काही हसू आलं नाही.

"इथे आई नाही," अनुपमा हळूच म्हणाली. "इथे पूर्ण करा."

पन्हळीतून पाणी पडत राहिलं.

"रविवारी तुडीलला नेतायत मला. मुलगी बघायला."

"बरं. आणि तुमचं काय म्हणणं?"

"आईनं ठरवलंय."

"आईंचं नाही विचारलं मी." तिचा आवाज जरा कापरा झाला, मग सावरला. "पहिलीतली पोरं सांगतात मला, बाई, मला हे हवं, हे नको. तुमच्याकडून मी एवढंच ऐकायला थांबले असते... पण तुमच्या घरी येऊन तुमच्या वतीनं मी बोलणार नाही. रविवारी तुडीलला गेलात, तर परत डबा आणू नका."

डब्याचं झाकण पुन्हा लागलं आणि विनीतची पावलं दाराकडे गेली. बनुबाईंनी भारा उचलला आणि भिजतच घरी गेल्या. मेल्याच्या जिभेला काय लकवा भरलाय, असं वाटेत दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणताना मात्र 'घरी. आईकडे.' हे त्याचं उत्तर आठवलं.

दिवेलागणीला विनीत घरीच होता; दोन दिवसांची शिफ्ट त्यानं बदलून घेतली होती. जेवायला बसल्यावर समीक्षानं फडताळातली करवंटी आणून मधोमध ठेवली. "बाईंनी सांगितलंय, घरी एकदा करून बघा."

बनुबाईंनी मनाशी ठरवलं: आज विनीत बोलला तर ठीक. नाय बोलला, तर रविवारी कानाला धरून तुडीलला नेते.

उज्वलानं करवंटी हातात घेतली न घेतली तोच पुढे ढकलली. "माझं काय नाय." करवंटी विनीतकडे आली. त्यानं ती उलटी केली, सुलटी केली. बनुबाईंची जीभ सळसळली. समीक्षानं ओठांवर बोट ठेवून आजीकडे डोळे वटारले.

"आये, मी तुडीलला येणार नाय," विनीत म्हणाला. घाम फुटला होता, पण थांबला नाही. "मला अनुपमा आवडते. तू ओरडशील, मला ठाऊक हाय. ओरड. पण मी येणार नाय."

बनुबाईंचं तोंड तीनदा उघडलं आणि तीनदा मिटलं. करवंटी त्यांच्याकडे आली, तेव्हा सगळ्यांचे घास हातातच होते.

"तुडीलला निरोप मी सकाळी धाडते," त्या म्हणाल्या. "जेवा आता."

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी त्या विनीतला घेऊन शाळेच्या अंगणात हजर झाल्या. अनुपमा पायऱ्यांवर उभी होती. तिनं विनीतला बघितलं न बघितलं केलं.

"बाई, माझा पोरगा पसंत हाय का तुला?"

"त्यांनी विचारलं तर सांगेन, काकी."

"हा म्हणतोय का..." बनुबाईंनी सवयीनं सुरुवात केली आणि जीभ दाताखाली धरली. त्यापेक्षा गवताचा भारा उचलणं सोपं होतं. त्या पाठ करून डोंगराकडे बघत राहिल्या.

"मला तुम्ही आवडता," मागून विनीतचा आवाज आला. "पहिल्या दिवसापासून. हो म्हणालात तर फार बरं वाटेल. नाही म्हणालात तर वाईट वाटेल... पण न विचारता राहिलो असतो, तर जन्मभर स्वतःचाच राग आला असता."

अनुपमा एकेक पायरी उतरत खाली आली. इतक्या संथपणे, की बनुबाईंनी पदराचं टोक चावलं.

"उद्या शनिवार. शाळा सकाळची," ती अखेर म्हणाली. "बाराची एसटी मी चुकवणार आहे. महाडला सोडाल?"

"सोडेन. सावकाश चालवेन."

"किती सावकाश?"

"शिफ्टला उशीर होईल इतका."

तेव्हा बनुबाई वळल्या. दोघांमध्ये हातभर अंतर होतं आणि दोघांचेही कान लाल झाले होते. त्यांनी अनुपमाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ऐक गो," त्या म्हणाल्या, आणि ते वाडीला ऐकू गेलंच. "तू आगाऊ हायस ते हायसच, माझा शब्द मी मागं घेत नाय. पण याला गरीब गाय आणली असती, तर दोघं जन्मभर एकमेकांची तोंडं बघत बसली असती. तू चालशील. तुझ्या आईबापाला सांगून ठेव, रविवारी आम्ही महाडला येतोय. तिथं पहिला माझा पोरगा बोलेल. त्याचं झालं, की मग मी."