ओट्यासमोरची सावली

स्वयंपाकघराला दीपलेप लावून आठ दिवस झाले होते आणि तेव्हापासून सुवर्णाबाई मुसळ्यांनी सुनेशी अबोला धरला होता. निदान सुनेला, म्हणजे वेदिकाला, तसं वाटत होतं. समोर जाऊन बोललं की त्या नीट उत्तर देत. पण ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असताना ‘आत्ती, मिठाचा डबा कुठंय?’ असं विचारलं, तर हूं नाही की चूं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. वेदिका शेवटी स्वतःच डबा शोधायची आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या सगळ्या खानदानाला नावं ठेवायची.

बरं, तिचं चुकलं काय होतं? इचलकरंजीतल्या त्या गल्लीत घराला घर चिकटलेलं, त्यामुळे स्वयंपाकघरात भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. आणि दिवा कुठे, तर दाराबाहेर. मधल्या खोलीच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीला, दोन्ही खोल्यांना मिळून एक बल्ब. त्याचा उजेड दारातून सरळ ओट्यावर यायचा, म्हणजे स्वयंपाक करणारीच्या पाठीवर. तिचीच सावली तिच्या हातांवर. कांदा चिरायचा तो अंदाजाने. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात वेदिकाने बोट कापून घेतलं होतं आणि तेव्हापासून पाच वर्षं ती त्या बल्बच्या मागे लागली होती. ओट्याच्या वर, फडताळाखाली एक पट्टी लावू. नको. मग दोन्ही बाजूंना एकेक दिवा. नको. निदान बल्ब आत तरी घेऊ. "हाय तितं ऱ्हाऊ दे," एवढंच उत्तर. कारण विचारलं की सासूबाई देवाची भांडी घासायला काढत.

शेवटी प्रथमेशने, वेदिकाच्या नवऱ्याने, कटकट मिटावी म्हणून दीपलेप आणला. रंगासारखा भिंतींना आणि छताला द्यायचा तो लेप. वाळला की सगळी भिंतच उजेड देते. लेपात डोळ्याला न दिसणारे दृक्‌कण असतात. कुठे सावली पडतेय असं दिसलं की ते बाकीच्या बाजूंनी तिथला उजेड वाढवतात. त्यामुळे पातेल्याच्या तळातली मोहरी दिसे, कोथिंबिरीतली पिवळी काडी दिसे, आणि माणसाची सावली मात्र कुठेच पडत नसे. लेप लावण्यापूर्वी त्याच्या आखणीयंत्राने जुन्या स्वयंपाकघराची पाहणी करून दोषांची यादी दिली होती. पहिला दोष होता तो दाराबाहेरचा बल्ब. लेप वाळल्यावर वेदिकाने ती यादी सासूबाईंच्या पाठीमागे उभं राहून मुद्दाम मोठ्याने वाचली होती. त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, सुवर्णाबाई शंकरपाळ्या तळत होत्या. वेदिका दारात आली.

"आत्ती, चहा टाकू का?"

उत्तर नाही.

"आत्ती."

कढईत झारा फिरत राहिला.

"अहो आत्ती, तुमच्याशी बोलतेय मी."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. रुसायचं तर रुसा, पण उजेडावरून? ती तरातरा पुढे गेली आणि तिने सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

सुवर्णाबाई अशा दचकल्या की झारा कढईत पडला आणि उसळलेलं तेल त्यांच्या मनगटावर आलं. वेदिकाने शेगडी बंद केली, त्यांचा हात नळाखाली धरला. बऱ्याच वेळाने नळ बंद करून ती औषधाची ट्यूब आणायला वळली आणि सासूबाईंच्या पाठीमागेच थांबली. तिच्या मनात एक शंका आली होती. ती रोजच्या आवाजात म्हणाली, "आत्ती, तुमचा पदर पेटलाय."

सुवर्णाबाई मनगटाकडे बघत राहिल्या.

वेदिका समोर गेली. "किती दिवस झाले ऐकू येत नाही?"

सासूबाईंची नजर तिच्या ओठांवर होती. ती नेहमीच तिथे असे. वेदिकाला पाच वर्षं वाटत आलं होतं की ही बाई आपली लिपस्टिक बघते.

"दिवस कसलं? ईस वर्सं झाली असतील," त्या म्हणाल्या. "मागाच्या कारखान्यात तीस वर्सं सुताच्या कांड्या भरल्या. चोवीस माग एकदम चालायचं. तितं कोन कुनाचं ऐकतंय? आमी बायका तोंडाकडं बगून बोलायचो, आवाज न काढता. आन् मागनं कोन आलं तर कापडावर सावली पडायची. सावली पडली की वळायचं. हितंबी तसंच चाललं हुतं. दारात कोन आलं की समोर भिंतीवरच्या फरशीवर दिसायचं. आता तू कवा येतीस, कवा जातीस, काय कळंना झालंय."

"मग कानाचं यंत्र का नाही घेतलं?"

"यंत्र घ्यायचं तर तपासनी आली. तपासनी आली की नोंद आली. मालनचं बगितलंस न्हवं?"

मागच्या गल्लीतल्या मालन डाक्यांचं वेदिकाने बघितलं होतं. साठीनंतर कान किंवा डोळे अधू असल्याची नोंद झाली की घरसुरक्षा खातं शेगडीला कुलूप घालत असे; दुसरं माणूस घरात असल्याशिवाय ती पेटत नसे. डाक्यांकडे सगळे सकाळी कामाला जात. मालनबाई थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा संध्याकाळपर्यंत पीत. शेगडीपुढे खुर्ची टाकून बसत आणि कोणी आलं की रडत.

"पाच वर्षांत मला एकदा सांगायचं तरी होतं," वेदिका चिडून म्हणाली.

"सांगून काय केलं असतंस? दवाखान्यात नेलं असतंस."

ते खरंच होतं, म्हणून वेदिकाला आणखी राग आला, आणि या खेपेला तो सासूवर नव्हता. ती ताडकन वळली आणि तिने भिंतीवर थाप मारली. एरवी नुसता बघणारा लेप थापेनंतरच बोललेलं ऐकू लागे. ती म्हणाली, "दारात माणूस आलं की त्याची सावली ओट्यासमोर पडली पाहिजे."

भिंतीवर अक्षरं उमटली. ‘सावली हा दोष आहे. दोष राखायचा असल्यास कारण द्यावे. कारण घरसुरक्षा खात्याच्या नोंदीत जाईल.’

उजेड देणारी भिंत आणि कारणं मागायची हौस केवढी! वेदिकाने थोडा विचार केला आणि बोटाने भिंतीवर एकच शब्द लिहिला: आवड.

कारण मान्य झालं. ती दारात गेली. ओट्यासमोर, भिंतीवरच्या फरशीवर तिची सावली पडली, अगदी जुन्या बल्बची पडे तशी. सुवर्णाबाई वळल्या.

"काय गं?" त्या म्हणाल्या आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हसल्या. वेदिकाला रडूच आलं.

तेवढ्यात भिंतीवर पुन्हा अक्षरं आली. ‘इचलकरंजीतील दोनशे चौदा स्वयंपाकघरांनी हीच सावली मागितली आहे. त्या प्रत्येक घरात साठीपुढील स्त्री आहे. सर्वांचे कारण: आवड. या स्त्रियांमध्ये आणखी काय समान आहे? आपले उत्तर अपेक्षित आहे.’

वेदिकाने मनात हिशोब केला. दोनशे चौदा शेगड्या, आणि दोनशे चौदा कुलुपं.

सुवर्णाबाईंनी ते सावकाश, ओठ हलवत वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. "दोनशे चौदा?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी एकलीच." आणि आपला आवाज किती मोठा आहे याची कल्पना नसलेल्या माणसासारखं त्या खणखणीत आवाजात बोटांवर नावं मोजू लागल्या, "म्हंजे आपली गौरव्वा असनार, पलीकडची नूरजहाँ..."

वेदिकाने धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. उत्तराची वाट बघत भिंत अजून ऐकत होती.

सुवर्णाबाईंना कळलं. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि मग कारखान्यात बोलत तशा बोलू लागल्या, आवाज न काढता, फक्त ओठांनी. वेदिकाला त्यातली दोन-तीनच नावं कळली. उरलेली तिने पुन्हा सांगायला लावली, एकेक करून, आणि अर्ध्या तासात ती बऱ्यापैकी वाचू लागली.

समोर अजून ‘आपले उत्तर अपेक्षित आहे’ ही ओळ होती. चारी बाजूंच्या भिंतींतले दृक्‌कण दोघींच्या तोंडांवर लखलखीत, बिनसावलीचा उजेड पाडत होते. आपल्याला अर्धा तास लागला, वेदिकाच्या मनात आलं. भिंतीला किती लागेल?